आठ कलांचे मोल

मी अध्यापक असताना वर्गात नेहमी विचारीत असे, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते, की सूर्य पृथ्वीभोवती?" सारा वर्ग एका सुरात उत्तर देई, "पृथ्वी सूर्याभोवती!" "कशावरून?" असे विचारताच मात्र वर्ग शांत होई. मग एखादा धीट मुलगा म्हणे, "गुरुजी, पुस्तकात तसे लिहिले आहे."

उत्तर बरोबर होते, पण कारण लंगडे होते. केवळ पुस्तकात आहे म्हणून मानावयाचे, तर पूर्वीच्या लोकांत आणि आपल्यांत अंतर ते काय? त्यांच्या पुस्तकात पृथ्वी स्थिर होती, आपल्या पुस्तकात ती फिरते, एवढेच!

पूर्वीचे लोक मूर्ख नव्हते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच ॲरिस्टार्कस या ग्रीक पंडिताने सूर्य मध्यभागी असल्याचे सांगितले होते. त्यावर आक्षेप असा, की पृथ्वी फिरत असेल, तर वर्षभरात तारे थोडे सरकलेले दिसावयास हवेत; ते तर दिसत नाहीत. आक्षेप रास्त होता. तारे इतके दूर आहेत, की त्यांचे ते सरकणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते प्रथम मोजले बेसेल या शास्त्रज्ञाने, 1838 साली!

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने पृथ्वी मध्यभागी मानून, वर्तुळावर वर्तुळ रचून ग्रहांचे गणित मांडले. ते बरेचसे जुळे; म्हणून सुमारे चौदाशे वर्षे टिकले. पुढे 1543 साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने सूर्याला मध्यभागी बसविले. परंतु वर्तुळे मात्र सोडली नाहीत.

आता केप्लरची गोष्ट ऐका. टायको ब्राहे याने दुर्बिणीवाचून केलेली मंगळाची अचूक निरीक्षणे त्याच्या हाती आली. कित्येक वर्षे खपून त्याने मंगळाचे गणित बसविले. पण एके ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे तीस कला असते. म्हणजे हा फरक तिच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा! निरीक्षणातच चूक असेल, असे म्हणून केप्लरला स्वस्थ बसता आले असते. पण टायकोच्या हातून एवढी चूक होणे नाही, हे तो जाणून होता. त्याने स्वतःचेच गणित टाकून दिले व पुन्हा आरंभ केला. 1609 साली त्याने जगाला सांगितले, की मंगळाचा मार्ग वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे.

लवकरच गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्र चंद्राप्रमाणे कोरीपासून जवळजवळ पूर्ण बिंबापर्यंत वाढताना दिसला. टॉलेमीच्या रचनेत शुक्र नेहमी पृथ्वी व सूर्य यांच्या मधेच राही. त्यामुळे त्याचे पूर्ण बिंब दिसणे शक्यच नव्हते. शुक्र सूर्याभोवती फिरतो, हे तेव्हा उघड झाले.

माझ्या मते, खरे मत बाळगण्यापेक्षा ते पारखून घेणे अधिक मोलाचे आहे. दुसऱ्याची चूक कोणालाही दिसते. आपल्या श्रमाच्या गणितातील आठ कलांची चूक मान्य करावयास मन मोठे असावे लागते. म्हणून मुलांनो, उत्तर द्या, पण त्याबरोबर "कशावरून?" हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारा.