पुडी सापडलेल्या पोराला कोठडीत नको, दवाखान्यात पाठवा

पालकहो, शिक्षकांनो, मंडळांच्या कार्यकर्त्यांनो,

२६ जून तोंडावर आला आहे. अमली पदार्थविरोधी दिनाच्या प्रभातफेऱ्या निघतील, शपथा होतील, जप्त माल भट्टीत टाकतानाचे फोटो छापून येतील. त्याच आठवड्यात कुठल्याशा पोलीस ठाण्यात गांजाच्या एका पुडीपायी एखादा कॉलेजातला पोरगा बाकड्यावर बसलेला असेल आणि त्याचा बाप बाहेर उभा राहून ओळखीचा वकील शोधत असेल. हे आवाहन त्या पोरासाठी आहे.

गैरसमज नको. अमली पदार्थांवरची बंदी उठवा, असं आम्ही म्हणत नाही. दारू आणि गुटख्याच्या धंद्याने घरंदारं कशी धुळीला मिळतात ते आपण रोज पाहतो; त्यात एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, दुकानाची भर कुणाला हवी आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो एमडी पकडलं. पोलिसांचं बळ तिथेच लागायला हवं. कारखानदार, वाहतूकदार, पेडलर यांना कायद्याने अजिबात सोडू नये. प्रश्न आहे तो फक्त घेणाऱ्याचा.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा घेणाऱ्यालाही गुन्हेगारच मानतो. कलम २७ प्रमाणे नुसत्या सेवनालाही पदार्थानुसार सहा महिने किंवा वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. शिक्षा होवो न होवो, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत नोंद आडवी येते. शिकलेला, सुधारलेला मुलगा मग कामाविना घरी बसतो, आणि रिकामा बसला की पुन्हा त्याच कट्ट्यावर जातो.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्याची कोठडीतली पहिली रात्र तर विचारूच नका. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, पोटात मुरडा, हाडं कुणी पिळतंय असं दुखणं. व्यसनी याला ‘टर्की’ म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन हे दिवस सुसह्य करता येतात. कोठडीत ते लादीवर लोळून काढायचे. सगळ्यात मोठा धोका सुटल्यानंतरचा. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, आणि पोराने बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की जीव जातो.

महाराष्ट्राला दुसरी वाट ठाऊक नाही असंही नाही. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मध्यवर्ती कारागृहही येरवड्यातच. गर्दच्या नादी लागलेला पोरगा या दोन्हींपैकी कुठल्या फाटकातून आत जाणार, हे बऱ्याचदा तो आधी कुणाच्या हाती लागला त्यावर ठरतं. हे नशिबावर सोडायचं का?

कायद्यातही फट आहे, पण ती फारशी कुणी दाखवत नाही. कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढूनही घेता येतं, आणि ते योग्यच आहे. कलम ३९ न्यायालयाला शिक्षेऐवजी उपचारांना पाठवायची मुभा देतं. वकील मंडळींनो, पहिल्याच तारखेला ही कलमं पुढे करा. (‘अल्प’ची मापंही एकदा तपासायला हवीत. हेरॉईन पाच ग्रॅम ठीक. पण किलोभर गांजा एकटा माणूस ओढत नाही, हे आम्हालाही कळतं.)

पोर्तुगालने २००१ पासून जवळ दहा दिवसांपुरता साठा बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समुपदेशकांच्या समितीपुढे उभं करायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने तसंच ठरवलं आणि २०२४ मध्ये माघार घेतली. तिथे शिक्षा आधी गेली, उपचारांची सोय मागून रखडत आली. आपण ओरेगॉनच्या चुकीवरून शिकायचं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधी तरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. म्हणून मागणी जोडीनेच करायची: सेवनासाठी कैद नको, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा हव्यात.

हा कायदा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. १९८९, २००१, २०१४ आणि २०२१ मध्ये तो संसदेने बदलला आहे. तेव्हा पत्र खासदाराला लिहा, खाटांसाठी आमदाराला. ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत ठराव करा आणि त्याची प्रत पाठवा. घरात कुणी अडकलं असेल तर लोक काय म्हणतील या धास्तीने लपवू नका, पोलीस येईपर्यंत थांबूही नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आज लावा.

पत्राला उत्तर आलं नाही तर गणपतीत खासदारसाहेब मंडळाच्या आरतीला येतीलच. ठरावाची प्रत तिथे त्यांच्या हातात द्या, आणि कलम २७ बद्दल तुमचं मत काय, हे चारचौघांत विचारा.