नवाचा ताळा आणि एकसष्टाचें कोडें

सुटींत नातवास भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथांतील (इ. स. ११५०) एक प्रसिद्ध उदाहरण उत्तरासह सांगितलें व पडताळा घेण्यास बसविलें. घटकाभरांत वही पुढें करून तो म्हणाला, "आजोबा, नवाचा ताळा जुळला, उत्तर बरोबर आहे." हें वाक्य त्यानें माझ्याच तोंडून ऐकलें होतें. तीस वर्षें मी तें वर्गांत सांगत आलों.

उदाहरण असें : कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्गच येतो? शेजारच्या ६० चें काम ४ नें भागतें. ३१ चा वर्ग येतो. ६२ चें ८ नें भागतें. ६३ चा वर्ग येतो. मधल्या ६१ ला मात्र लहानांत लहान संख्या लागते ती २२६१५३९८०, आणि येणारा वर्ग असतो १७६६३१९०४९ चा! आचार्यांनीं पहिलीस कनिष्ठ व दुसरीस ज्येष्ठ मूळ म्हटलें असून, दोन्ही चक्रवाल रीतीनें काढलीं आहेत. पुढें पांच शतकांनीं, १६५७ सालीं, फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें हाच ६१ घेऊन समकालीन गणितज्ञांस आव्हान दिलें.

आतां वही पाहिली, तों कनिष्ठ मूळ २२६१५९३८० असें उतरलेलें! ३ व ९ यांची अदलाबदल झाली होती. अंकांची बेरीज दोन्हींकडे ३६ च, म्हणून ताळा बिनचूक जुळला. उत्तर मात्र चुकलेलें. चूक लेखणीची होती. पण तिला अभय दिलें तें माझ्या शिकवणीनें.

मग दोघांनीं मिळून खरा पडताळा घेतला. दहा अंकी संख्येचा वर्ग करण्याचें कारणच नाहीं. ज्येष्ठ मुळांतून १ वजा करा : १७६६३१९०४८ ही २९७१८ च्या वर्गाची दुप्पट आहे. १ मिळवा : १७६६३१९०५० ही ३८०५ च्या वर्गाची १२२ पट आहे. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजे ज्येष्ठ मुळाच्या वर्गांत १ उणा. २ गुणिले १२२ म्हणजे २४४, म्हणजेच ६१ गुणिले २ चा वर्ग. म्हणून तो गुणाकार ६१ गुणिले एका संख्येचा वर्ग असा होतो. आणि ती संख्या म्हणजे २, २९७१८ व ३८०५ यांचा गुणाकार, अर्थात् २२६१५३९८०. पाटीवर मावणारे गुणाकार, आणि संशयास जागा नाहीं!

मीं नातवास सांगितलें, "बाळ, मी अर्धेंच शिकविलें. ताळा चुकला तर उत्तर चुकलेंच. पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असें नाहीं." माझे जुने विद्यार्थी आतां स्वतः आईबाप, कोणी आजेआजोबाही झाले असतील. त्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यांनीं एवढी दुरुस्ती करून घ्यावी, व ती घरांतील मुलांसही सांगावी.