लोणच्यात एम.टेक.?

गेल्या रविवारी घरातल्या एका साखरपुड्याच्या पंगतीत माझ्या नातीने सांगितलं, "मी फूड आणि बायोप्रोसेस इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करणार." आमच्यातले एक वडीलधारे लगेच म्हणाले, "म्हणजे लोणच्यात एम.टेक.! अगं, ते तर तुझी आजी फुकट शिकवेल." सगळे हसले. मीही हसले, आणि तेच मला आठवडाभर टोचतंय.

तर आजीचं उत्तर इथे. (भाऊजी हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम.)

मी मराठीची बी.ए. जन्मभर व्याकरण शिकवलं. नातीला विचारलं तर तिने मला पातेल्याचं गणित घातलं. पातेलं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आत आठपट मावतं, पण बाहेरचा पत्रा चारपटच वाढतो. माझ्या इडलीच्या पिठातली उष्णता आपसूक निघून जाते. हजारो लिटरच्या टाकीत मात्र जंतूंनीच तयार केलेली उष्णता कोंडून राहते आणि त्यांच्याच जिवावर उठते. ती बाहेर कशी काढायची, तळापर्यंत हवा कशी पोचवायची, हा त्यांचा अभ्यास. तिथे माझ्या हाताच्या अंदाजाचा काडीचा उपयोग नाही.

डबाबंद भाजीचंही तेच. बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. दाबाखालच्या वाफेने डब्याच्या पार मध्यापर्यंत १२१ अंशांच्या आसपास उष्णता पोचवावी लागते. लोणचं आंबट, म्हणून आपण वाचतो! चाळीस वर्षं बरण्या भरल्या, हे मला आत्ता कळतंय.

म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया यांनी आणंदला ती करून दाखवली आणि १९५५ साली अमूलचा कारखाना सुरू झाला. त्यांनाही कुणी पंगतीत "दुधातले इंजिनिअर" म्हणून हसलं असेल का, कोण जाणे.

"पण पगार काय मिळणार?" हा पुढचा प्रश्न. संगणकवाल्यांइतका सुरुवातीला मिळेलच असं नाही, हे ती स्वतःच सांगते. पण भाऊजी, जेवायला बसण्याआधी तुम्ही आतल्या खोलीत इन्सुलिन टोचून आलात ना? मानवी इन्सुलिन जंतूंकडून टाकीत बनवून घेतात, १९८२ पासून. त्यालाच बायोप्रोसेस म्हणतात.

नातीला काल फोन केला. हसले ते चुकलं, असं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मी तर पाहिलंच नव्हतं." पाहिलं होतं तिने.