बाप्तिस्मा ही सुरुवात



‘बाप्तिस्मा झाला, रविवारची उपासना चुकत नाही, ख्रिस्ती माणसाला आणखी काय हवे?’ या आशयाचे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. नेमाने उपासनेला जाणे मोलाचे आहेच. पण तिथेच थांबणे मला धोक्याचे वाटते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळायचा आहे, हे त्यांना कित्येक वर्षांनी उमगले आणि ते त्यांनी आपल्या साक्षीत उघडपणे लिहिले. एवढी विदुषी! पुढे उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचा ध्यास त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. बावीस वर्षांनी, प्रकृती ढासळत असताना, मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. प्रत्यक्ष पौलही फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहितो, की मी अजून पोचलेलो नाही.

आमच्या पोहरादेवीला रामनवमीला बंजारा बांधव लांबलांबच्या तांड्यांवरून येतात. गेल्या वर्षी दर्शन झाले म्हणून यंदा कोणी घरी बसत नाही. शेजाऱ्यांची ही ओढ पाहताना मला आमच्या मंडळीतली सुस्ती फार खुपते.

पत्रलेखकांनी रमाबाईंची साक्ष वाचावी आणि मग पुन्हा जरूर लिहावे.

— एक वाचक, पोहरादेवी (जि. वाशीम)