तिमाही निकालातील नफा आणि खतावणी

तिमाही निकाल हाती आला की बहुतेकांची नजर प्रथम निव्वळ नफ्याच्या ओळीवर जाते. क्लाऊड सॉफ्टवेअरच्या कंपनीत तेथेच थांबणे कसे अंगलट येते, हे नवी मुंबईतील महापे येथील एका कंपनीच्या उदाहरणातून उत्तम समजते.

मॅजेस्को ही कंपनी २०१५ साली मास्टेकपासून विभक्त झाली. अमेरिकेतील विमा कंपन्यांना पॉलिसी, प्रीमियमची बिले व दावे सांभाळणारे सॉफ्टवेअर पुरविणे हा तिचा व्यवसाय होता. पुढे हेच सॉफ्टवेअर ती क्लाऊडवरून, वर्गणी तत्त्वावर देऊ लागली. परवाना एकदा विकला की पैसा एकदाच येतो. वर्गणी मात्र घरभाड्यासारखी, ग्राहक टिकेल तोवर येत राहते. म्हणून अशा कंपनीच्या एकूण विक्रीपेक्षा तिच्यातील आवर्ती उत्पन्नाचा वाटा आधी पाहावा.

दुसरी गोष्ट बँकेत आयुष्य घालविलेल्यांनाही प्रथम उलटी वाटते. ग्राहकाने वर्षाची वर्गणी आगाऊ भरली, तरी इंड एएस ११५ नुसार कंपनीला त्या तिमाहीपुरतीच रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. उरलेली रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसते. हे देणे वाढत असेल तर ते कर्ज नव्हे, पुढील तिमाह्यांचे बांधलेले काम होय. याउलट विक्रीपेक्षा येणी वेगाने वाढत असतील, तर दुकानदार ज्याला उधारी तुंबली म्हणतो तोच प्रकार. सॉफ्टवेअर घडविण्याचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा केला की मालमत्ता म्हणून पुढे ढकलला, हेही तपासावे; दुसऱ्या प्रकारात आजचा नफा फुगतो. अडचण अशी, की ताळेबंद व रोखप्रवाह पत्रक सहामाहीलाच, म्हणजे सप्टेंबर व मार्चच्या निकालासोबत येते. जून व डिसेंबरचा निकाल बव्हंशी नफा-तोट्यापुरता असतो. तोही पूर्ण लेखापरीक्षणाचा नव्हे, मर्यादित पुनरावलोकनाचा.

आता मॅजेस्कोचे पुढे काय झाले ते पाहू. २०२० मध्ये थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने तिची अमेरिकेतील उपकंपनी विकत घेतली. प्रथम देऊ केलेला १३.१० डॉलर प्रतिशेअर हा भाव वाढवून १६ डॉलर करण्यात आला आणि सप्टेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला. प्रत्यक्ष धंदा त्या उपकंपनीतच होता. साहजिकच त्या तिमाहीच्या नफ्यात विक्रीतून झालेल्या एकवेळच्या लाभाचा भरणा होता. असा लाभ ‘खंडित व्यवसाय’ या शीर्षकाखाली वेगळा दाखविलेला असतो. ती ओळ न वाचता प्रतिशेअर मिळकतीने बाजारभावाला भागले, तर शेअर कमालीचा स्वस्त भासणार. वस्तुतः मागे उरली होती ती मुख्यतः रोकड.

ती रोकडही निघाली. समभागांची पुनर्खरेदी झाल्यावर डिसेंबरमध्ये कंपनीने प्रतिशेअर तब्बल ९७४ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला. हजाराच्या आसपासचा शेअर २३ डिसेंबरला लाभांशविरहित होताच पंधरा रुपयांच्याही खाली आला. लाभांशाच्या मोहाने आदल्या दिवशी शेअर घेणाऱ्याची गत मोठी चमत्कारिक झाली. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर भागधारकाच्या माथी आला होता. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला उपकरासह शेअरमागे सुमारे ३०४ रुपये कर लागणार. आणि भाव कोसळल्याने झालेला भांडवली तोटा लाभांशातून वजा करता येत नाही, तो भांडवली नफ्यातूनच वळता होतो. आलेले ९७४ रुपये हे बहुतांशी त्याचेच मुद्दल होते, कर मात्र त्यावर उत्पन्न म्हणून बसला.

त्यानंतर कंपनीची मालकी बदलली. २०२१ मध्ये तिचे नाव ऑरम प्रॉपटेक झाले आणि व्यवसाय मालमत्ता क्षेत्रातील तंत्रज्ञानाचा झाला. २०२० पूर्वीच्या तिमाह्यांशी तिच्या आजच्या तिमाहीची टक्केवारी कोणी मांडून दाखविली, तर तो कागद सरळ बाजूला ठेवावा.