चॉकलेट सोडण्याला हसण्याआधी

‘त्यांचा उपवास म्हणजे काय, तर चाळीस दिवस चॉकलेट खायचं नाही!’ रमजानच्या दिवसांत आपल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विनोद येतोच. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. मग कुणीतरी जोडतं, ‘आणि आपल्याला तर पाणीसुद्धा नाही.’ यंदा त्याला निमित्तही होतं. कॅथलिकांचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि आपला पहिला रोजा त्याच आठवड्यात. गेल्या वर्षी अंतर तीन दिवसांचं होतं. २ मार्चला रोजा, ५ मार्चला राख.

किती तास, किती दिवस, पाणी चालतं की नाही, या मोजपट्टीने तुलना केली तर आपण सहज जिंकतो. पण ही शर्यत लावली कुणी? ख्रिस्ती उपवासाच्या परंपरेत एक वेगळाच प्रश्न फार जुन्या काळापासून आहे. मधूनमधून ते स्वतःही तो विसरले. प्रश्न असा : तू जे खाल्लं नाहीस, ते गेलं कुठे? हा प्रश्न आपण उसना घ्यावा, असं मला वाटतं. त्यासाठी आधी त्यांचा उपवास नीट माहीत हवा.

वसईचे मराठी बोलणारे कॅथलिक या दिवसांना उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर शेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार धरत नाहीत, कारण रविवार त्यांच्यासाठी आनंदाचा दिवस. उरले चाळीस. चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं आणि बाकी दोन वेळा थोडंसं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही. मांसाचा नियम चौदाव्या वर्षापासून लागू होतो, उपवासाचा अठराव्यापासून, आणि वयाच्या साठीच्या तोंडावर सुटतो. चॉकलेट, चहा, सिगारेट किंवा इन्स्टाग्राम सोडा, असं या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते लोक आपणहून करतात. म्हणजे आपण ज्याला त्यांचा नियम समजून हसतो, तो नियमच नाही.

पूर्वी हे बरंच कडक होतं. मध्ययुगात युरोपात या चाळीस दिवसांत मांस नाही, बहुतेक ठिकाणी अंडी, दूध, लोणीही नाही, आणि जेवण दिवसातून एकदा. ते आधी संध्याकाळी असायचं. मग सरकत सरकत दुपारी तीनवर आलं, पुढे भर दुपारी बारावर. नियम कडक झाला की पळवाटा निघतात, हे काही फक्त आपल्या फिक्हच्या चर्चांतच घडत नाही. सतराव्या शतकात कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत बीव्हर नावाचा प्राणी पाण्यात राहतो म्हणून मासा ठरला आणि उपवासकाळात ताटात आला. व्हेनेझुएलात कॅपिबारा, म्हणजे शेळीएवढा मोठा उंदरासारखा प्राणी, आजही याच दिवसांत आवडीने खातात. पाण्यात पोहतो ना, मग झालं.

फ्रान्समध्ये रुआँ शहराच्या कॅथेड्रलला एक उंच बुरूज आहे. त्याचं नाव ‘लोण्याचा बुरूज’. उपवासकाळात लोणी खायची परवानगी हवी असलेल्यांनी चर्चला पैसे दिले आणि त्या पैशांचा हातभार लागून पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत हा बुरूज उभा राहिला. ज्याच्याकडे पैसे, त्याला लोणी. मार्टिन ल्युथरने १५२० मध्ये नेमकी यावरच टीका केली : रोममधले लोक स्वतः उपवासाला हसतात आणि आम्हाला लोणी खायचा हक्क विकतात.

दोन वर्षांनी, १५२२ च्या मार्चमध्ये, झुरिकमध्ये एक प्रसंग घडला. छापखान्याचा मालक ख्रिस्तोफ फ्रोशाउअर याच्या घरी उपवासकाळात काही जणांनी सॉसेज खाल्ले. प्रकरण नगर परिषदेपर्यंत गेलं. त्याची बाजू अशी होती की फ्रँकफर्टच्या जत्रेआधी पुस्तक छापून व्हायचंय, माणसं रात्रंदिवस राबतायत, नुसत्या पेजेवर त्यांचं भागत नाही आणि दरवेळी मासे आणायला परवडत नाही. (डेडलाइन तेव्हाही होती, वाचून बरं वाटलं.) तिथे हजर असलेल्या झ्विंगली या धर्मोपदेशकाने स्वतः सॉसेज खाल्लं नाही, पण नंतर प्रवचनात त्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडच्या धर्मसुधारणेची सुरुवात या ताटापासून सांगतात. मला मात्र त्यातली मासे न परवडण्याची तक्रार महत्त्वाची वाटते. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याची किंमत मजुराला जास्त पडत होती.

हा खर्चाचा आणि श्रमाचा मुद्दा त्यांच्या परंपरेत बाहेरून आलेला नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘शेफर्ड ऑफ हर्मास’ या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाण्यावर राहा, एरवी जे जेवला असतास त्याची किंमत काढ आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे. अगदी वाण्याच्या वहीसारखा हिशेब आहे हा. पाचव्या शतकातले पोप पहिले लिओ उपवासकाळाच्या प्रवचनांत हेच पुन्हा पुन्हा बजावत : आपण जे कमी खाल्लं ते गरिबाच्या पोटात जायला हवं. आजही राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एक उतारा वाचतात. उपवास करायचा आणि त्याच दिवशी आपल्या कामकऱ्यांना पिळून काढायचं, हा कसला उपवास, असा त्याचा रोख आहे.

१९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बदलले. १९१७ च्या कायद्यात रविवार सोडून उपवासकाळाचे सगळे दिवस उपवासाचे होते, ते दोनवर आले. कॅथलिकांतले काही लोक आजही म्हणतात की तिथेच सगळं सैल झालं. पण त्या दस्तऐवजातलं एक कलम मला फार आवडतं. जिथे सुबत्ता आहे तिथल्या लोकांनी त्याग जास्त करावा आणि गरिबांना हात द्यावा. जिथे आधीच हलाखी आहे तिथल्यांनी आपलं दुःख प्रार्थनेत अर्पण करावं आणि सामाजिक न्यायासाठी झटावं. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावलेलं नाही.

नियम कमी झाले तशी स्वतः निवडण्याची जबाबदारी वाढली. यंदा मी काय सोडू, हा प्रश्न ऐकायला हलका वाटतो. उत्तर देऊन बघा. आपल्याकडे वेळापत्रक ठरलेलं आहे. सहरी इतक्या वाजता, इफ्तार इतक्या वाजता, मशिदीच्या कार्डावर छापलेलं. त्यात मोठी ताकद आहे. कोट्यवधी माणसं एकाच नियमाने, एकमेकांच्या आधाराने महिना काढतात. इथे मात्र आपल्या कमजोरीचं नाव ज्याचं त्याला घ्यावं लागतं. मी कशाशिवाय राहू शकत नाही? ज्याला गोड आवडत नाही त्याने चॉकलेट सोडलं तर तो फक्त स्वतःला फसवतो, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

माझ्या टीममध्ये वसईचा एक टेस्टर आहे. यंदा त्याने चहा सोडला होता. दिवसाला तीन कटिंग पिणारा माणूस टपरीवर आमच्यासोबत यायचा आणि हात खिशात घालून उभा राहायचा. तीन आठवडे कुणी विचारलंही नाही. माझ्या रोजाची बातमी मात्र पहिल्याच दिवशी अख्ख्या मजल्यावर होती. ‘पाणीपण नाही?’ हा प्रश्न मला यंदाही सात-आठ जणांनी विचारला. शेवटी मीच त्याला टोकलं, ‘काय रे, ॲसिडिटी झाली का?’ तेव्हा तो म्हणाला, ‘नाही रे, उपवासकाळ चालू आहे. चहाचे पैसे घरी डब्यात टाकतो.’ पंधरा रुपयांना एक, दिवसाला पंचेचाळीस, चाळीस दिवसांचे अठराशे. ईस्टरआधी ते चर्चच्या गरिबांसाठीच्या निधीत जातात. मी त्याला माशांवरून छेडलं, शुक्रवारी मटण नाही पण पापलेट चालतं, हा कसला त्याग? तो हसला. ‘आमची आजीपण तेच बोलते. पापलेट खायचं असेल तर त्यापेक्षा कोंबडी खा, स्वस्त पडेल.’

तो गप्प का राहिला, यालाही कारण आहे. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला भाग वाचतात. उपवास करताना चेहरा ओढलेला ठेवू नका, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, असं त्यात येशू सांगतात. आणि त्याच मिस्सामध्ये, सगळ्यांना दिसेल अशी कपाळावर राख लावतात! ही विसंगती त्यांच्या लोकांनाही जाणवते. त्यावर त्यांच्याकडे स्पष्टीकरणं आहेत, पण मला ती न सुटलेलीच जास्त आवडते. उपवास दाखवायचा की लपवायचा, हे कोडं इफ्तारच्या ताटाचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

हे सगळं आदर्श चाललंय असं अजिबात नाही. उपवासकाळाचाही बाजार झालाय. मॅकडोनल्डचा फिश बर्गर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जन्मला, कारण तिथल्या एका दुकानाभोवती वस्ती बहुतेक कॅथलिकांची होती आणि शुक्रवारी हॅम्बर्गर खपत नव्हते. आता चाळीस दिवस साखर सोडणं म्हणजे अनेकांसाठी वजन उतरवायची सोय. वजन कमी होईल, पण वाचलेली साखर दुसऱ्या कुणाच्या चहात पडली नाही तर तो डाएट झाला.

उलट बाजूची उदाहरणं मात्र मोठी आहेत. जर्मनीच्या बिशपांनी १९५८ मध्ये भूक आणि कुष्ठरोगाविरुद्ध ‘मिझेरेओर’ ही संस्था काढली. उपवासकाळात जर्मन चर्चमध्ये तिच्यासाठी वर्गणी गोळा होते आणि जगभरच्या गरीब भागांत कामाला लागते. ब्राझीलमध्ये १९६४ पासून देशभर उपवासकाळात ‘बंधुभाव मोहीम’ चालते. दरवर्षी एक सामाजिक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर चर्चमध्ये बोलायचं. २०२३ मध्ये विषय भूक हा होता. उपवासकाळात भुकेवर बोलायचं, इतकी साधी गोष्ट.

आपल्याकडे ही जोड नाही असं कुणी म्हणू नये. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचाच असतो. ज्याला रोजा झेपत नाही त्याने गरिबाला जेवू घालायचं, ही फिदयाची तरतूद कुरआनात रोजाच्या आयतींतच आहे. आणि रोजा तुमच्या आधीच्यांनाही सांगितला होता, हेही तिथेच आहे. म्हणजे आधीच्यांच्या उपवासाची चौकशी करणं आपल्याला परकं नाही.

अडतं ते हिशेबात. महिनाभर दुपारचं जेवण बंद, दिवसभराचा चहा-नाश्ता बंद, तरी रमजानमध्ये घरखर्च वाढतो. खजूर, फळं, समोसे, भजी, शरबत, हलीम, फिरनी. न खाल्लेलं दुपारचं जेवण कुठे गेलं? संध्याकाळी दुप्पट होऊन आपल्याच दस्तरखानवर आलं. आणि असरनंतर गॅससमोर कोण उभं असतं? अम्मी, भाभी, बहीण, ज्यांचा स्वतःचाही रोजा असतो. घरकामाला येणाऱ्या बाईंना त्या महिन्यात भांडी दुप्पट घासावी लागतात, पगार तोच. यशयाचा उतारा आपल्याही स्वयंपाकघरात वाचायला हरकत नाही.

म्हणून तरुण वाचकांना एक व्यवहारी सूचना. पुढच्या रमजानमध्ये ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कँटीनमध्ये न खाल्लेल्या जेवणाचे पैसे रोजच्या रोज बाजूला काढा. शंभर रुपयांची थाळी धरली तरी कामाच्या बावीस दिवसांचे बावीसशे होतात. हे जकात आणि फित्र्याच्या वर, वेगळ्या खात्यात. यूपीआयवरून रोज शंभर रुपये हलवायला दहा सेकंद लागतात. इफ्तारचे पदार्थ सहावरून तीनवर आणा आणि तळायला मुलांनीही उभं राहा. महिनाभर काम वाढलेल्या बाईंना त्या महिन्याचे पैसे जास्त द्या. ते बक्षिशी म्हणून नव्हे, वाढलेल्या कामाचे.

दुसरी गोष्ट शेजाराची. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि रमजानही त्याच सुमारास लागेल. त्यानंतर चंद्राचं वर्ष मागे सरकत जाईल आणि या दोन काळांची सुरुवात बरीच वर्षं अशी जुळणार नाही. वसई, वांद्रे, पुणे कॅम्प किंवा गोव्यात तुमचे कॅथलिक मित्र असतील तर त्यांना एकदा इफ्तारला बोलवा आणि यंदा काय सोडलंय ते विचारा. सांगायचं नसेल तर आग्रह नको. फक्त वार बघून बोलवा. शुक्रवार असेल तर खिम्याचे समोसे आणि बिर्याणी त्यांच्यासमोर ठेवू नका. डाळ-भात चालेल, भजी चालतील. सुरमईही चालते, पण ती आणण्याआधी भाव विचारून घ्या.