खाऊचे पैसे आणि घरचा हिशेब

"लहान मुलांच्या हाती पैसा देऊ नये, पोर बिघडते," असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. तर शहरी सुशिक्षित घरांतून आता उलट ऐकू येते की, मुलाला दरमहा ठरावीक 'पॉकेटमनी' दिला पाहिजे, म्हणजे त्याला व्यवहार कळतो. या दोन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. परंतु नांदेड-लातूरकडच्या शेतकरी, सालगडी आणि मजूर घरांचा विचार केला तर दोन्ही मते अपुरी वाटतात. आपल्या घरांत मुलांना पैसे मिळत नाहीत ही खरी अडचण नाही. पैसा येतो कोठून, जातो कोठे आणि उरतो किती, हे मुलांपासून लपवले जाते, ही खरी अडचण आहे.

खाऊचे पैसे आपल्याला नवे नाहीत. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते. त्या दिवशी गरिबातला गरीब बापही पोराच्या मुठीत चार पैसे ठेवतो. पण हे पैसे म्हणजे लाड असतो, शिक्षण नव्हे. वर्षातून एकदा मिळणारा पैसा त्याच दिवशी उडवायचा असतो, एवढेच त्यातून मूल शिकते. पुढे सुगीचे पैसे हाती आल्यावर लग्नकार्यात होते नव्हते ते उधळणारा आणि पेरणीला सावकाराचा उंबरठा झिजवणारा माणूस याच मुलातून घडतो. 'ऋण काढून सण' ही म्हण उगाच पडलेली नाही.

आपले आजे-पणजे निरक्षर असतील, पण हिशेबाला कच्चे नव्हते. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा येथे हाली सिक्का चालत असे आणि हद्दीपलीकडे इंग्रजांचा कल्दार. सात हाली म्हणजे सहा कल्दार, हे गणित बाजारकऱ्याला तोंडी करावे लागे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके मुलांकडून घोकून घेतली जात. पावणेचार रुपये दराने अडीच शेराचे नऊ रुपये सहा आणे, हे उत्तर कागदाशिवाय येई. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, व्यवहार सोपा झाला आणि ही कोष्टके हळूहळू मागे पडली. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याबरोबर मुलाला हिशेबाला जवळ बसवण्याची रीतही गेली, याचे वाईट वाटते.

शाळेने ही जागा भरून काढण्याचा प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. एके काळी महाराष्ट्रातील अनेक शाळांत 'संचयिका' चालत असे. मुलेच पैसे भरणार, मुलेच पासबुकात नोंद करणार, गुरुजी फक्त देखरेख करणार, अशी ती मुलांची बँक होती. आजही जिल्हा परिषदेच्या शाळांत बालआनंद मेळावा भरतो; मुले भाजी, भेळ, चहा विकतात. उपक्रम चांगलाच आहे. पण वर्षातला एक दिवस दुकान मांडून व्यवहार अंगी बाणत नाही. त्याला घराची जोड हवी.

आता घर काय करते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याने मोंढ्यात बारा क्विंटल सोयाबीन 4,300 रुपये भावाने घातले. पट्टी झाली 51,600 रुपयांची. एवढी रक्कम पाहून मुलाला वाटते, आपण श्रीमंत झालो! तो सायकल मागतो आणि बाप खेकसतो. पण खत-बियाण्याची उधारी 18,000, खुरपणी, फवारणी आणि काढणीची मजुरी 16,000, शिवाय हमाली आणि तोलाई हे सारे वजा जाता हाती साडेसतरा हजारही उरत नाहीत आणि त्यावर हरभरा निघेपर्यंतचे दिवस काढायचे असतात, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. मग बाप कंजूष आहे, एवढाच अर्थ तो काढतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आडत दुकानाची पट्टी वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि वडिलांचा 'नाही' मला त्या कागदावरून समजला. चारदोन रुपये हातावर मिळाले असते तर तो समजला नसता.

या लपवाछपवीची किंमत दहावीनंतर चुकवावी लागते. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे खेड्यापाड्यांतली हजारो मुले अकरावी-बारावीला आणि 'नीट'च्या तयारीला लातूर-नांदेडात येऊन राहतात. खोलीभाडे, मेस, पुस्तके, वरखर्च धरून घरून एकदम खर्ची येते. काल ज्याला दहा रुपयांसाठी तीनदा विचारावे लागत होते, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आज महिना निभावून न्यायचा असतो. त्यात चहाच्या टपरीपासून मेसपर्यंत सगळीकडे मोबाईलने पैसे देता येतात. नोट मोडताना हात थोडा थबकतो. मोबाईलवर बोट थबकत नाही. वीस तारखेला पैसे संपतात आणि मग मित्राकडे उसनवारी सुरू होते. अशा वेळी त्या मुलाला उधळ्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याला पोहायला न शिकवताच विहिरीत ढकलले कोणी?

मुलींचा प्रश्न तर याहून बिकट. जत्रेत भावाला वीस रुपये मिळतात आणि बहिणीला "तुला गं कशाला?" असा सवाल. आणि उद्या हिनेच सासरी काटकसरीने संसार करावा, अशी साऱ्यांची अपेक्षा! आज गावोगावच्या बचत गटांत आपल्या आयाबहिणी कर्ज काढतात आणि हप्ते फेडतात. जी गोष्ट त्यांना संसार अर्धा झाल्यावर शिकावी लागली, ती त्यांच्या लेकींना दहाव्या वर्षी का शिकवू नये?

मग करावे काय? आपल्याकडे पैसा महिन्याने येत नाही, सुगीने किंवा हजेरीने येतो. म्हणून शहरासारखी एक तारीख आपल्याला लागू पडणार नाही. पण आठवडी बाजार तर चुकत नाही! त्या दिवशी, पाच का होईना, ठरलेले पैसे मुलाला आणि मुलीला सारखेच द्यावेत. ते पाणी भरल्याची किंवा गुरे वळल्याची मजुरी म्हणून देऊ नयेत. घरचे काम सर्वांचेच असते, त्याला दर लावला तर घराचा मोंढा होईल. ते पैसे कशावर खर्चावेत यात ढवळाढवळ करू नये. मात्र संपले तर पुढच्या बाजारापर्यंत पुन्हा देऊही नयेत. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतः चालवता येईल असे खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेनेही 2025 मध्ये बँकांना तशी नव्याने मुभा दिली आहे. त्याचा उपयोग करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पट्टी, उधारीची वही आणि कर्जाचा हप्ता मुलांसमोर मांडावा.

"कोवळ्या वयात कर्जाची काळजी कशाला?" असे कोणी म्हणेल. मित्रहो, कर्ज घरात असले की त्याची काळजी मुलांना लागतेच. भिंतीपलीकडचे दबक्या आवाजातले बोलणे मुले ऐकत असतातच. फक्त आकडा ठाऊक नसल्याने भीती दुप्पट होते. आकडा कळला तर मूल निदान बेरीज-वजाबाकी करू लागते. ज्यांच्या घरी ठेवी आहेत, त्यांच्या मुलांना हिशेब आला नाही तरी एखादे वेळी निभावेल. आपल्याला ती चैन परवडणारी नाही. म्हणून गावाकडे धाकटी भावंडे असलेल्या प्रत्येकाने या सुट्टीत त्यांना घेऊन घरच्या वहीपाशी बसावे, एवढेच माझे सांगणे आहे.